बेचाळीस पावलांची चांदमारी

मुरुमला मी ज्या घरात भाड्यानं राहत होते, तिथं रोज दिवस मावळायच्या सुमाराला थाळी वाजायची. मोठी पितळी थाळी, लाकडी दस्त्यानं, सात-आठ वेळा. ती वाजली की गल्लीतल्या बायका पोरांना आत ओढायच्या, कोंबड्या डालायच्या, आणि शेजारच्या तेल्याची म्हैस खुंट्याशी ताठ उभी राहायची. मग थोडा वेळ सगळीकडं गप्प. आणि मग घरमालकांच्या स्वयंपाकघरातून बंदुकीचा बार व्हायचा.

पहिल्या दिवशी मी नुकतीच धाराशिवहून ट्रंक घेऊन उतरले होते. एकामागून एक दोन बार झाले आणि हातातलं दुधाचं भांडं खाली पडलं. मालक दारात आले. त्यांच्या पाठीमागून धूर येत होता.

"भ्यालाव का बाई? चांदमारी हाय, नेमाचा सराव. सरकारी परवाना हाय माझ्याकडं. दोन बार झाले, अजून तीन हायत."

एवढं सांगून ते आत गेले, आणि खरोखरच आणखी तीन बार झाले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला. वडलांनी मला परीक्षेला बसवलं आणि मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, नोकरी लागली. एकट्या विधवा बाईला खोली द्यायला मुरुमात कुणी पुढं येत नव्हतं. या मालकांनी मला दोनच प्रश्न विचारले होते: "धूर चालंल का? आवाज चालंल का?" कसला धूर आणि कसला आवाज हे न विचारताच मी हो म्हणाले होते.

सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. उंच, पाठीत किंचित वाकलेले, घरात एकटेच, आणि डावा डोळा नेहमी अर्धा मिटलेला. नेम धरायची सवय चेहऱ्यावर कायमची बसली होती. माझ्याशी बोलतानाही एक डोळा बारीक करून बोलायचे.

निजामाच्या मुलखातून इंग्रजी मुलखात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर तेव्हा करोडगिरी, म्हणजे जकात, बसायची. अक्कलकोटच्या अंगाला हद्दीवर एक नाका होता, तिथं आप्पांनी पंचवीस वर्षं काढली. नोकरी सुटली तरी नाका सुटला नव्हता. रस्त्यानं बैलगाडी चालली की त्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा. गाडीवाले ओळखीचे झाले होते. ते हसून थांबायचे आणि स्वतःच सांगायचे, "कडबा हाय आप्पा." मग हात खाली यायचा. मी शाळेतून आले की माझ्या पिशवीकडं बघून हटकून विचारायचे, "काय माल?" मी म्हणायची, "पाट्या आणि वह्या." ते मान हलवायचे. "जावा."

घरात बंदूक होती, पण त्या घरात मुंगी मरत नसे. आप्पांच्या गळ्यात लिंग होतं. दिवसातून दोनदा पूजा करायचे. विंचू निघाला तर चिमट्यानं धरून ओढ्यापलीकडं सोडून यायचे. एकदा मठातले स्वामी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "आप्पा, लिंगवंताच्या घरात बंदूक, हे शोभतं का?"

"म्या मडकीच फोडतो. मडक्याला जीव नसतोय स्वामी," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्यापुढं केळी ठेवली.

आता चांदमारीचं सांगते. ती त्यांनी एका दिवसात बांधली नव्हती. मी गेले तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं आणि काम संपलेलं नव्हतं. घर घेतानाच त्यांनी मागचं दार मावळतीला पाहिजे असा हट्ट धरला होता म्हणे. मागं लांबट परडं, आणि त्याच्या टोकाला गोळी अडवायला मातीचा उंच ढीग. पहिला ढीग काळ्या मातीचा होता. तो उन्हाळ्यात भेगाळला आणि पावसाळ्यात बसला. दुसऱ्या वर्षी त्यांनी दगड रचले. दगडावर आपटून गोळी परतली आणि तेल्याचा रांजण फुटला. नवा रांजण आप्पांनी स्वतः डोक्यावर आणून दिला, आणि सगळे दगड एकट्यानं उपसून काढले. मग ओढ्यातली वाळू पोत्यांत भरली, तिच्यावर पांढरी माती लिंपली, आणि वर छप्पर घातलं. दर आठवड्याला ती वाळू ते गव्हासारखी चाळायचे. चाळणीत शिशाच्या चेपलेल्या गोळ्या उरायच्या. त्या वितळवून, साच्यात ओतून पुन्हा गोळ्या करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत शिसं मिळत नव्हतं, आणि बारूद तर परवान्यावरसुद्धा मोजून मिळायची.

परडं एकतीस पावलांचं होतं, आणि आप्पांना बेचाळीस पावलंच पाहिजे होती. चाळीस नाही की पन्नास नाही. म्हणून ते मागं मागं सरकत घरात शिरले. स्वयंपाकघराच्या चुलीला पाठ लावून उभं राहिलं की उघड्या दारातून मातीच्या ढिगापर्यंत बरोबर बेचाळीस पावलं भरायची. त्यामुळं त्यांच्या भाकरीलाही बारुदीचा वास यायचा.

एकदा पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, तपासाला आले. घोड्यावरून उतरताच ओरडले, "चांदमारी फौजेची असते. तुमची कसली?" आप्पांनी परवाना दाखवला. सगळं परडं फिरून दाखवलं, वाळू दाखवली, थाळी दाखवली. मग म्हणाले, "साहेब, एक बार करून बघा." अमिनांनी तीन बार केले. ठासणीची जुनी बंदूक, बेचाळीस पावलं आणि समोरून डोळ्यात जाणारं ऊन. तिन्ही गोळ्या वाळूत गेल्या. अमीन घाम पुसत म्हणाले, "अहो, सूर्याकडं तोंड करून कुणी चांदमारी बांधतं का? ढीग पूर्वेला करा, सकाळी मारा."

"सकाळी काय घडत न्हाय साहेब," आप्पा म्हणाले.

अमिनांना ते कळलं नाही. मलाही नाही.

मी त्या खेळात ओढली गेले ती दोरीमुळं. ढिगापुढं आप्पांनी बैलगाडीच्या चाकाचा एक जुना तुंबा, म्हणजे मधला लाकडी गाभा, उभा पुरला होता. त्याच्यावर आडवी फळी, आणि फळीवर एकमेकांना चिकटून दोन मडकी. एक चुन्यानं रंगवलेलं पांढरं, एक काजळीनं काळं केलेलं. बार काळ्याला लागला पाहिजे. दोरी ओढली की फळी गरकन फिरायची आणि मडक्यांच्या जागा बदलायच्या. पण एकाच माणसानं दोरी ओढायची आणि नेमही धरायचा, हे जमत नव्हतं.

"बाई, तेवढी दोरी ओढताव का? गोठ्याच्या दगडी भिंतीआड बसायचं. तिथं गोळी येत न्हाय."

मला संध्याकाळी दुसरं काही काम नव्हतं. शाळेतून आलं की खोलीत बसून भिंतीकडं बघायचं, एवढंच. मी भिंतीआड बसून दोरी ओढू लागले. कधी हळू, कधी झटकन, कधी अर्धी ओढून थांबायची. आप्पा म्हणायचे, "असंच. मला ठाऊक नसावं." गावात थोडी कुजबुज झाली, पण ती थाळीच्या आवाजाइतकीच जुनी होऊन गेली. आम्ही दोघं रोज तासभर एकत्र असायचो आणि त्या तासात जेमतेम चार वाक्यं बोलायचो. माझा दिवसातला तोच बरा तास होता.

काळं मडकं फुटलं की आप्पा चुलीवरच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचे. कुठलंच फुटलं नाही तर फुली. पांढरं फुटलं तर काहीच करायचे नाहीत. बंदूक कोपऱ्यात ठेवायचे, थाळी पालथी घालायचे, आणि पुढचे दोन-तीन दिवस चांदमारी बंद. त्या दिवसांत चूलही नीट पेटायची नाही.

एकदा असंच पांढरं फुटलं. मी खापऱ्या गोळा करायला गेले तर आप्पा तिथंच जमिनीवर बसले होते. मी म्हणाले, "आप्पा, मडकं आहे. दुसरं आणू."

"हुसेन हाय ते," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, वाळूच्या पोत्यांकडं बघत.

नाक्यावर त्यांच्याबरोबर हुसेन नावाचा शिपाई होता. नऊ वर्षं दोघंच तिथं राहिले. एका संध्याकाळी तंबाखूच्या तीन गाड्या नाका चुकवून ओढ्यातून चालल्या होत्या. हुसेन पळत पुढं गेला आणि पहिल्या गाडीचे बैल धरले. गाडीवरून एक माणूस उतरला. त्यानं हुसेनच्या गळ्यात हात टाकून त्याला आवळलं. दुसऱ्या हातात कुऱ्हाड. आप्पा नाक्याच्या पायरीवर होते. सरकारी बंदूक खांद्याला लावली, घोडा चढवला.

"दोघं गुतलेले. घडीत हा म्होरं, घडीत तो. त्यांच्या पाठीमागं दिवस बुडत व्हता, डोळ्यात सगळं ऊन. म्या म्हणलं, लागली तर हुसेनलाच लागंल. इतकी वर्षं बंदूक खांद्यावर वागवली बाई, पर नोकरीत एक गोळी उडवली नव्हती. मला कसं कळावं, माझा नेम कसा हाय ते? म्या नेम धरूनच उभा राहिलो. आन त्यानं कुऱ्हाड मारली."

"चौकशी झाली असेल," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"झाली की. कागद आला. तुमचा कसूर न्हाय म्हणून लिहिलं व्हतं." त्यांनी एक खापरी उचलली. "दुसऱ्या दिवशी म्या पावलं मोजली. बेचाळीस भरली."

नाक्यावरच्या जुन्या बंदुका लिलावात निघाल्या तेव्हा त्यातली एक त्यांनी घेतली. नोकरी सुटल्यावर तो नाका, ते ऊन, ते अंतर त्यांनी मुरुमात पुन्हा बांधून काढलं. त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती. त्या दिवशी घोडा ओढला असता, तर काय झालं असतं?

आणखी एक वर्ष आम्ही ते काम केलं. आता सगळं ठाऊक असताना मी दोरी ओढत होते, म्हणून ती जड लागायची. त्या वर्षाच्या शेवटी आप्पांनी भिंतीवरच्या रेघा आणि फुल्या मोजल्या. पांढऱ्या मडक्यांची मोजदाद त्यांच्या डोक्यात होती.

"धा बारांतले सात काळ्याला," ते म्हणाले. "दोन कुणालाच न्हाय. एक पांढऱ्याला. ह्याच्या म्होरं माझा नेम सुधरत न्हाय. डोळे चाललेत." मग म्हणाले, "हुसेनच्या बायकोला सांगाया पायजे. चौदा वर्षं झाली. बाई, तुम्ही संगं येताव का? एकट्या बाईच्या दारात मी एकटा कसा जाऊ?"

आळंदच्या वाटेवरचं खेडं, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला पटका होता. वाटेत ते ओठातल्या ओठात सारखे काहीतरी म्हणत होते. मला वाटलं नामस्मरण करतायत. कान देऊन ऐकलं तर ते पाठ करत होते, 'धातले सात, दोन कुणालाच न्हाय.'

हुसेनची बायको अंगणात तूर पाखडत होती. पन्नाशीची, काटक बाई. गाडीतून उतरलेल्या माणसाकडं तिनं बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"नाकेदार?"

"व्हय भाबी," आप्पा म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पोरगं गुरुजींपुढं पाढा म्हणतं तसं. बेचाळीस पावलं, ऊन, दोन मडकी, धातले सात.

तिला काही उमगलं नाही. ती माझ्याकडं वळली, बहिणीला विचारावं तशी. "ह्ये काय म्हणायलेत बाजी?"

मी समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ती आप्पांना म्हणाली, "गोळी लागली असती का नसती, अल्ला जाने. ते मला कशाला सांगताव? त्यांना गाडीत घालून आनलं तवा गाडीत तुम्ही व्हताव. वाटंतच गेले म्हणून सांगितलंव, उतरून ठेवलंव आन गेलाव. वाटंत पानी मागितलं का, काय बोलले का, कुनाचं नाव घेतलं का, ह्ये सांगाया तुम्ही परत येताल म्हणून म्या दार उघडं ठेवलं. चाळीस दिस वाट बघितली. मग वरीस. तुम्ही आलाव न्हाय."

"मला तोंड नव्हतं भाबी."

"मग आता कुठनं आनलंव?"

"सात झाले म्हणून."

"आन तीनच झाले असते तर?"

आप्पांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. ती हलकेच म्हणाली, "आलाच नसताव."

मी आप्पांना हाताला धरून ओट्यावर बसवलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, मग काही आठवून थबकली आणि म्हणाली, "शेजारी लिंगायताचं घर हाय, तिथनं आनते."

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले, आणि तिच्या हातातूनच तांब्या घेऊन प्याले. प्याल्यावर म्हणाले, "पानी दोनदा पाजलं व्हतं. शुद्धीवर व्हता. तुमचं नाव न्हाय घेतलं भाबी, खोटं कशाला सांगू. त्यो म्हणला, आप्पा, चुलीवर डाळ हाय, कुनाला तर उतरवाया सांगा."

ती बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडतीये. ती हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "डाळ! घरी बी डाळ करपवायचे. जिंदगीभर करपवली, आन मरताना ध्यान आलं!"

मग आप्पा बोलायला लागले. चार वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नाक्यावर दोन चुली होत्या, त्यांची एक आणि हुसेनची एक, मधे चार हातांचं अंतर. हुसेन स्वयंपाक करताना गायचा आणि गाण्याच्या नादात डाळ विसरायचा. गाडीवाल्यांच्या बैलांची नावं त्याला पाठ होती. ती एक एक विचारत गेली, आप्पा सांगत गेले. दुपारी तिनं भाकरी टाकली आणि आप्पांनी तिच्या ओट्यावर बसून ती खाल्ली. निघताना ती एवढंच म्हणाली, "येत जावा. अजून बरंच ऱ्हायलंय विचारायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थाळी वाजली नाही. तेल्याची बायको कुंपणाशी येऊन विचारून गेली, "आप्पाची तब्येत बरी हाय ना?" आप्पा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "ही येळ लई लांब झाली आता."

मी तिथं बसायला हवं होतं. पण मलाही दोरीशिवाय त्यांच्याजवळ कसं बसावं ते कळेना. वह्या तपासायच्या आहेत म्हणून मी खोलीत गेले.

दर महिन्याला एकदा ते धोतर धुऊन आळंदच्या वाटेला जाऊ लागले. पुढच्या वर्षी माझी बदली परंड्याला झाली. मोटारीपर्यंत ते पोचवायला आले, माझी ट्रंक त्यांनीच वर चढवली. मग स्वातंत्र्य आलं आणि निजामाच्या मुलखात धामधूम सुरू झाली. रस्ते बंद पडले, परवान्याच्या बंदुका सरकारजमा झाल्या. त्यांची दोन कार्डं आली. एकात लिहिलं होतं, 'बंदूक गेली. बरं झालं, कोपरा मोकळा झाला. भाबी बऱ्या हायत. तुम्ही कवा येताव?' मी उत्तर लिहिलं, दिवाळीच्या सुट्टीत येते. दुसऱ्या कार्डाच्या उत्तरात लिहिलं, उन्हाळ्यात नक्की येते. वडील आजारी होते, वाटेवर भरवसा नव्हता, शाळा सोडता येत नव्हती. हे सगळं खरं होतं. मधे जाता येण्यासारखे दिवस होते, हेही खरं.

तिसरं कार्ड तेल्यानं लिहिलेलं होतं. आप्पा थंडीतापानं गेले.

त्यानंतरच्या सुट्टीत मी मुरुमला गेले. घराला कुलूप होतं. तेली म्हणाला, शेवटचे बारा दिवस एक मुसलमान बाई येऊन राहिली होती, तिनंच सगळं केलं. मी तशीच गाडी करून त्या खेड्याला गेले.

तिनं मला ओळखलं. ओट्यावर बसवलं.

"महिन्याच्या महिन्याला यायचे," ती म्हणाली. "नाक्यावरचं सांगायचे. वरीसभरात सगळं सांगून संपलं. मग पुन्ना पैल्यापासनं सुरू. म्या बी पैल्यांदाच ऐकल्यावानी हसायची. त्यांना कळत व्हतं, मला बी कळत व्हतं." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या जवळ सरकली. "आता तुम्ही सांगा बाजी. तुम्ही पाच वर्षं त्यांच्या घरात ऱ्हायलाव. ते कसे व्हते, काय खायाचे, त्यांची बायको कशी व्हती, काय नाव व्हतं तिचं?"

मी सांगायला लागले. थाळीचं सांगितलं, वाळू चाळायचं सांगितलं, अमिनाचं सांगितलं, विंचवाचं सांगितलं. त्यांची बायको कधी गेली ते मला ठाऊक नव्हतं. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. ते रात्री काय जेवत, त्यांचं गाव कुठलं, कुणाची आठवण काढत, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. अर्ध्या तासात माझ्याजवळचं सगळं संपलं.

ती हनुवटीला हात लावून वाट बघत होती.

"आन?" तिनं विचारलं.